मधुमेही बालकांचे कुटुंबीय आणि डिजिटल साहाय्य : स्वरूप, उपयुक्तता व मर्यादा

सारांश

टाइप १ मधुमेह असलेल्या बालकाचा उपचार मुख्यतः घरातच चालतो. त्याची जबाबदारी आईवडिलांवर, अनेक घरांत एकट्या आईवर, येऊन पडते. सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर, मोबाइलद्वारे दूरस्थ निरीक्षण आणि स्वयंचलित इन्सुलिन पंप या डिजिटल साधनांमुळे २०१३ नंतरच्या काळात या जबाबदारीचे स्वरूप पालटले आहे. प्रस्तुत लेखात या साधनांचा उगम, त्यांची कार्यपद्धती, उपयुक्तता आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे. साधनाने दिलेल्या माहितीवर कोणी, केव्हा व काय करावयाचे हे कुटुंबात आधी ठरलेले असेल, तरच काळजी घेणाऱ्याचा भार हलका होतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : टाइप १ मधुमेह, काळजीवाहू कुटुंबीय, ग्लुकोज सेन्सर, दूरस्थ निरीक्षण, हायपोग्लायसेमिया.

प्रस्तावना

मधुमेह म्हटला की आपल्याकडे चाळिशी ओलांडलेली, बैठे काम करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. बालकांत प्रामुख्याने आढळणारा टाइप १ मधुमेह याहून वेगळा आहे. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करते व इन्सुलिनची निर्मिती जवळजवळ थांबते. गोड खाणे किंवा आईवडिलांची हयगय हे त्याचे कारण नसते. तरीही निदानानंतर ‘तू याला लहानपणी फार गोड दिलेस’ असा ठपका मुलाच्या आईला नातेवाइकांकडून ऐकावा लागतो.

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तोपर्यंत या आजाराचे निदान म्हणजे काही महिन्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत येणारा मृत्यू होता. इन्सुलिनने मुले जगू लागली. पण त्याचबरोबर आयुष्यभर रोज करावयाचा उपचार घराच्या उंबरठ्याआत आला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात २० वर्षांखालील सुमारे १२ लाख बालके व किशोर टाइप १ मधुमेहासह जगत होते आणि त्यांपैकी सुमारे २ लाख २९ हजार भारतात होते. त्या अंदाजात भारताचा क्रमांक जगात पहिला होता. तेवढ्याच घरांत कोणीतरी रात्री उठत असते, ही बाब मात्र आकडेवारीत दिसत नाही.

काळजीवाहू कुटुंबीयांवरील भाराचे स्वरूप

या भाराचे आकलन झाल्याशिवाय डिजिटल साधनांची गरज स्पष्ट होत नाही. इंजेक्शनद्वारे उपचार घेणाऱ्या बालकाला सामान्यतः दिवसातून चार वेळा इन्सुलिन द्यावे लागते. प्रत्येक वेळी बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहणे, ताटातील कर्बोदकांचा अंदाज घेणे, मूल पुढील दोन तासांत खेळणार आहे की अभ्यासाला बसणार आहे याचा विचार करणे आणि मग मात्रा ठरवणे, असा हा क्रम असतो. काल ज्या मात्रेने साखर योग्य राहिली, त्याच मात्रेने आज ती खाली येऊ शकते. ताप, परीक्षेचा ताण, शरीराची वाढ आणि वयात येताना होणारे बदल हे सारे त्यावर परिणाम करतात.

१९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मधुमेह नियंत्रण व गुंतागुंत चाचणीने असे सिद्ध केले की, साखरेचे काटेकोर नियंत्रण ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांवरील दुष्परिणाम मोठ्या प्रमाणात टळतात. त्याच चाचणीत असेही आढळले की, काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात साखर धोकादायकरीत्या कमी होण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. पालकांची खरी कोंडी या दोन निष्कर्षांत आहे. साखर वाढू दिली तर पुढील आयुष्याची चिंता आणि खाली आणली तर आजच्या रात्रीची चिंता!

रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात. घाम येणे, हात थरथरणे, चिडचिड, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे होत. तीव्र अवस्थेत झटके येऊन शुद्ध हरपू शकते. वेळीच लक्षात आल्यास उपाय साधा असतो. मोठ्या मुलास सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. लहान मुलास वजनानुसार कमी साखर पुरते. शुद्ध हरपली असल्यास मात्र तोंडावाटे काहीही देऊ नये. अशा वेळी ग्लुकागॉनचे इंजेक्शन व तातडीची वैद्यकीय मदत आवश्यक असते. उपाय साधा असला तरी तो करण्यासाठी प्रसंग लक्षात यावा लागतो. तीन वर्षांच्या मुलाला ‘मला कसेतरी होते आहे’ हे सांगता येत नाही आणि झोपलेल्या मुलाला तर कोणत्याच वयात सांगता येत नाही. म्हणून अनेक घरांत आई रात्री दोन वाजता गजर लावून उठते व झोपलेल्या मुलाचे बोट टोचते. हा क्रम वर्षानुवर्षे चालतो.

डिजिटल साहाय्याचा उगम

या क्षेत्रातील एका महत्त्वाच्या साधनाची सुरुवात प्रयोगशाळेत न होता घरात झाली, हे उद्बोधक आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात राहणारे जॉन कॉस्टिक हे व्यवसायाने संगणक अभियंता. २०१२ साली त्यांच्या चार वर्षांच्या मुलास टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. पुढील वर्षी त्यांनी मुलाला डेक्सकॉम कंपनीचा ग्लुकोज सेन्सर लावला. त्याचे आकडे मुलाजवळच्या एका छोट्या यंत्रावर दिसत. पण मूल पाळणाघरात आणि वडील कार्यालयात असताना ते आकडे वडिलांच्या उपयोगाचे नव्हते. कॉस्टिक यांनी त्या यंत्रातील आकडे तारेने जोडलेल्या मोबाइलमध्ये व तेथून इंटरनेटवर पाठविणारी आज्ञावली स्वतः लिहिली. लेन डेसबरो व इतर काही मधुमेही मुलांच्या पालकांनी तिच्यात भर घातली. ‘नाइटस्काउट’ म्हणजे रात्रीचा पहारेकरी या नावाने २०१४ साली ती सर्वांसाठी विनामूल्य खुली करण्यात आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात भरलेल्या एका मेळाव्यातून ‘आम्ही आता वाट पाहत बसणार नाही’ या आशयाचे घोषवाक्य या पालक-रुग्ण चळवळीला मिळाले. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सेन्सरचे आकडे दुसऱ्या व्यक्तीच्या मोबाइलवर दाखविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ॲपला परवानगी दिली.

याच सुमारास सिॲटल येथे डॅना लुइस या स्वतः टाइप १ मधुमेह असलेल्या तरुणीला वेगळीच अडचण भेडसावत होती. एकटी राहत असल्याने सेन्सरच्या क्षीण गजराने जाग आली नाही तर काय, ही ती अडचण. स्कॉट लाइब्रँड यांच्यासह तिने प्रथम मोठ्याने वाजणारा गजर तयार केला आणि त्यातूनच पुढे इन्सुलिन पंपाला आपोआप सूचना देणारी प्रणाली विकसित झाली. २०१५ साली तिची रचना ‘ओपन-एपीएस’ या नावाने खुली करण्यात आली. या पालकांनी व रुग्णांनी नवे औषध मागितले नव्हते. मूल आणि त्याची काळजी घेणारा यांच्यातील अंतर कमी व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती.

साधनांची कार्यपद्धती

सततचा ग्लुकोज सेन्सर दंडावर किंवा पोटावर चिकटवला जातो. त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखालील ऊतींमधील द्रवात राहतो. तंतूवरील विकराची ग्लुकोजशी अभिक्रिया होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. दर पाच मिनिटांनी एक या हिशोबाने दिवसाला २८८ नोंदी मिळतात; बोट टोचून चार ते सहा मिळत असत.

तथापि केवळ नोंदींची संख्या वाढणे हा मुख्य लाभ नव्हे. आकड्याशेजारी दिसणारा बाण हा खरा लाभ होय. रात्री दोन वाजता ग्लुकोमीटरने ९२ हा आकडा दाखवला तर आई निर्धास्त होऊन झोपेल. सेन्सरवर तोच ९२ आकडा खाली वळलेल्या बाणासह दिसला आणि साखर दर मिनिटाला २ मिलिग्रॅमने घटत असली, तर त्याच गतीने पंधरा मिनिटांत ती ६२ वर येईल. आकडा एकच असला तरी पहिल्या वेळी झोपणे योग्य ठरते आणि दुसऱ्या वेळी उठणे.

सेन्सरच्या मर्यादाही पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. तो रक्तातील नव्हे तर ऊतींच्या द्रवातील साखर मोजतो. त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना त्याचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटे मागे राहतो. साखर दिल्यानंतरही सेन्सर काही वेळ खालचाच आकडा दाखवतो आणि घाबरलेले पालक पुन्हा साखर देतात. तसेच सेन्सर असलेल्या कुशीवर मूल झोपले की दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो. त्यामुळे लक्षणे व आकडा जुळत नसल्यास बोट टोचून पाहण्याची सवय कायम ठेवावी लागते.

साधनांचा पुढील टप्पा स्वयंचलित पंपाचा. सेन्सरचे आकडे पाहून संगणकीय प्रणाली पंपातील इन्सुलिन कमी-अधिक करते. असा पहिला व्यापारी पंप सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘टाइडपूल लूप’ या प्रणालीचे मूळ तर रुग्ण-पालकांच्या खुल्या आज्ञावलीतच आहे. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली टाइप १ मधुमेह असलेल्या सर्व बालकांना सततचा सेन्सर देऊ करावा, अशी शिफारस केली. या साधनांमुळे रात्रीचे बरेच काम यंत्राकडे जाते. जेवणाची माहिती मात्र बहुतेक प्रणालींत अजूनही माणसालाच भरावी लागते.

उपयुक्तता : एका अभ्यासाचा बोध

अमेरिकेत दोन ते आठ वर्षांखालील १४३ बालकांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सहा महिन्यांच्या चाचणीत तीन गट करण्यात आले. पहिल्या गटास सेन्सर व त्यासोबत कुटुंबासाठी समुपदेशन, दुसऱ्यास केवळ सेन्सर आणि तिसऱ्यास ग्लुकोमीटर देण्यात आले. साखर योग्य मर्यादेत राहण्याचा कालावधी सेन्सरमुळे लक्षणीय वाढला नाही. मात्र साखर धोकादायकरीत्या कमी राहण्याचा कालावधी दोन्ही सेन्सर गटांत निश्चितपणे घटला. ग्लुकोमीटरच्या गटाशी तुलना करता पालकांच्या मनावरील भार व हायपोग्लायसेमियाची भीती अधिक कमी झाल्याचे दिसले, ते सेन्सरसोबत समुपदेशन मिळालेल्या गटात.

यावरून असे म्हणता येईल की, बालकाची सुरक्षितता वाढविण्याचे काम सेन्सर करतो. पण काळजी घेणाऱ्या व्यक्तीला विसावा मिळावा यासाठी यंत्राच्या जोडीला माणसांची आखणीही लागते.

मर्यादा व अडचणी

पहिली अडचण गजराची. वरची मर्यादा १८० ठेवली तर प्रत्येक जेवणानंतर गजर वाजतो, काही दिवसांत त्याची सवय होते आणि खऱ्या धोक्याचा गजरही दुर्लक्षिला जातो. म्हणून आरंभी वैद्यकीय सल्ल्याने वरची मर्यादा सैल ठेवून खालचा गजर मात्र कधीही बंद न करणे हितावह ठरते.

दुसरी अडचण विसंबून राहण्याची. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी डेक्सकॉमच्या सर्व्हरमध्ये बिघाड होऊन पालकांच्या मोबाइलवर आकडे पोहोचणे बंद झाले व ही स्थिती काही दिवस राहिली. मुलांजवळच्या यंत्रांवर आकडे दिसत होते. पण दुसऱ्या खोलीत वा दुसऱ्या गावी असलेल्या पालकांकडे ते येत नव्हते. गजर वाजला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजून अनेक जण झोपी गेले होते. यंत्राचे मौन आणि मुलाची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगाने शिकवले. भारनियमन व नेटवर्कची अनिश्चितता असलेल्या ग्रामीण महाराष्ट्रात हा धडा अधिकच लागू पडतो.

तिसरी अडचण खर्चाची. चौदा दिवस चालणारा सेन्सर वर्षभर वापरायचा तर २६ सेन्सर लागतात आणि प्रत्येकाची किंमत काही हजार रुपये असते. ज्या कुटुंबास इन्सुलिन व ग्लुकोमीटरच्या पट्ट्याच परवडत नाहीत, त्याच्यापुढे सेन्सरची चर्चा अप्रस्तुत ठरते. नागपूर येथे डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली स्थापन केलेल्या ‘ड्रीम ट्रस्ट’ने गरीब मधुमेही मुलांना इन्सुलिन पुरविण्याचे काम हाती घेतले, ते याच वास्तवाच्या जाणिवेतून. अशा घरांसाठी डिजिटल साहाय्य म्हणजे साधा मोबाइलच होय. आठवड्याच्या नोंदवहीचे छायाचित्र डॉक्टरांना पाठविणे, मात्रा बदलण्याविषयी फोनवर विचारणे आणि मार्च २०२० मधील दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दृक्‌श्राव्य सल्ला घेणे, एवढ्यानेही तालुक्याहून शहरापर्यंतची एक खेप व एका दिवसाची मजुरी वाचते. सतत सेन्सर परवडत नसल्यास, वैद्यकीय सल्ल्याने, वर्षातून एक-दोनदा लावूनही रात्रीच्या साखरेचा कल समजून घेता येतो.

चौथी अडचण ताटाची. कर्बोदके मोजणाऱ्या अनेक ॲपमध्ये पावाच्या कापाचे मोजमाप असते. भाकरीचे नसते, आणि असले तरी त्या घरातली भाकरी केवढी हे ॲपला कळत नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांचा आधार घेतल्यास हा प्रश्न सोपा होतो. गव्हाच्या वा ज्वारीच्या पिठाच्या वजनाचा ढोबळमानाने दोन-तृतीयांश भाग कर्बोदकांचा असतो. त्यामुळे ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके धरता येतात. घरातील पीठ एकदा वजनकाट्यावर तोलून आपल्या हातच्या पोळीचा व भाकरीचा आकडा लिहून ठेवला, तर तो कोणत्याही ॲपपेक्षा अधिक उपयोगी पडतो. उपवासाच्या साबुदाणा खिचडीत मुख्यतः पिष्टच असते, हेही घरातील ज्येष्ठांना समजावून सांगावे लागते. कारण उपवासाचा पदार्थ हलका असतो, ही समजूत दृढ आहे.

कुटुंबातील आखणी

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. तालुक्याच्या गावी राहणारी नऊ वर्षांची मुलगी, गृहिणी आई, शेजारच्या शहरात नोकरी करणारे वडील आणि घरात आजी. सेन्सर लावल्यावर आकडे आई व वडील या दोघांच्याही मोबाइलवर येऊ लागतात. आखणी नसेल तर आकडा घसरताच वडील कार्यालयातून आईला फोन करतात, ‘तू पाहिलेस का?’ असे विचारतात आणि आईच्या कामात आता एका हिशोबाची भर पडते. पूर्वी ती केवळ मुलीची काळजी घेत होती. आता पाहणाऱ्यांना उत्तरेही देते.

त्याच घरात आखणी केली तर चित्र पालटते. आठवड्यातून तीन रात्री गजर वडिलांच्या उशाशी असतो व आईचा मोबाइल मूक असतो. ७० च्या खाली आकडा गेला तर जो जागा आहे त्याने साखर द्यायची, दुसऱ्यास उठवायचे नाही. ५४ च्या खाली गेला तर दोघांनी उठायचे. साखरेचा डबा, ग्लुकोमीटर व डॉक्टरांचा क्रमांक कोठे आहे हे आजीला ठाऊक असते आणि खाली वळलेल्या बाणाचा अर्थ तिला मराठीत लिहून दिलेला असतो. शाळेच्या वेळेत पालकांनी वर्गात फोन न करता ठरलेल्या एकाच शिक्षिकेशी संपर्क साधायचा असतो. आकडा पाहून मुलीला रागवायचे नाही, हाही नियम असतो. या आखणीसाठी वेगळा खर्च येत नाही. सेन्सर देणाऱ्या वैद्यकीय पथकाने कुटुंबाबरोबर अर्धा तास बसून ती लिहून काढली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने टाइप १ मधुमेहासाठी २०२२ साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असल्याने अशा शिक्षणाला वैद्यकीय अधिष्ठानही लाभले आहे.

शाळेकडून महाविद्यालयाकडे

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली टाइप १ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी यांसारखे पदार्थ नेण्याची मुभा दिली. मात्र सेन्सर वापरणाऱ्या विद्यार्थ्याचा आकडा अनेकदा मोबाइलवरच दिसतो आणि परीक्षागृहात मोबाइलला मनाई असते. अशा विद्यार्थ्याचा मोबाइल पर्यवेक्षकाच्या टेबलावर गजर चालू ठेवून ठेवणे किंवा स्वतंत्र वाचकयंत्रास परवानगी देणे, हा सोपा मार्ग महाविद्यालयास काढता येतो. त्यासाठी विद्यार्थ्याने आपला आजार सांगितला पाहिजे आणि तो सांगण्याइतका विश्वास त्याला वाटला पाहिजे.

प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. अठराव्या वर्षी वसतिगृहात आलेल्या मुलाचा आकडा गावाकडील आईच्या मोबाइलवर दिसतच असतो. आईला तो पाहण्याची नऊ-दहा वर्षांची सवय असते आणि मुलाला आता तो दाखवायचा नसतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक असते. त्यानंतर ती माहिती त्या तरुणाची स्वतःची होते. कायद्याने एका दिवसात होणारे हे हस्तांतरण कुटुंबात मात्र हळूहळू व्हावे लागते. प्रथम केवळ खालचा गजर आईकडे ठेवणे, पुढे केवळ रात्रीचा ठेवणे आणि खोलीतील एका मित्राला साखर कोठे आहे हे सांगून ठेवणे, अशा पायऱ्यांनी ते सुकर होते. वर्गात अकारण चिडणारा, घामाघूम झालेला किंवा गोंधळून उत्तर देणारा विद्यार्थी उद्धट नसून त्याची साखर उतरलेली असू शकते, एवढे प्राध्यापकाला ठाऊक असले तरी दूरवरच्या एका घराला मोठा आधार मिळतो.

समारोप

मधुमेही बालकांच्या कुटुंबांसाठी डिजिटल साहाय्याचा जन्म एका पित्याच्या साध्या गरजेतून झाला. मूल डोळ्यांआड असताना ते ठीक आहे, हे त्याला कळायला हवे होते. आजची साधने ही गरज बऱ्याच अंशी पूर्ण करतात आणि साखर धोकादायकरीत्या उतरण्याचा कालावधी घटवतात. त्यांची किंमत, गजराचा ताण, नेटवर्कची अनिश्चितता व आपल्या आहाराशी असलेले अंतर या मर्यादा लक्षात घेऊनच त्यांचा प्रसार व्हावयास हवा. एका आईच्या जागरणाचे रूपांतर तिच्याच मोबाइलवरील अखंड जागरणात झाले, तर साधनाने तिचा भार केवळ बदलला असे म्हणावे लागेल. तो भार वडील, आजी, शिक्षक, डॉक्टर व पुढे स्वतः तो तरुण यांच्यात वाटला गेला, तरच आठवड्यातील काही रात्री तिला पूर्ण झोप मिळेल. कोणत्याही डिजिटल साहाय्याचे मूल्यमापन करताना बालकाच्या साखरेच्या आलेखाबरोबर या झोपेचीही नोंद घेतली जावी.